व्याख्यान तुमच्या सड्यांवरच द्या

पत्र : माझं वय ५८. पुण्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, दीड वर्षात निवृत्त होईन. जुन्नर आणि सातारा भागातल्या चार सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाच्या पठारांवर, पावसाळ्यात जे उगवतं त्याच्या नोंदी गेली २२ वर्षं ठेवते आहे. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठानं त्यांच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानासाठी मला ऑक्टोबरात बोलावलं आहे. प्रवास, राहणं, मानधन सगळं त्यांच्याकडे. ‘पश्चिम घाटाची जैवविविधता आणि हवामानबदल’ असा विषय त्यांनी सुचवलाय. माझं काम एवढं मोठं नाही. शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे तासभर इंग्रजीत बोलायची धास्ती वाटते. वडील ८६ वर्षांचे, माझ्याकडेच असतात. भाऊ नाशिकला, तो म्हणतो, ‘आता या वयात कशाला?’ स्टाफरूममध्येही कुजबुज चालू आहे. आणखी एक. निम्म्याहून जास्त वनस्पती मला पहिल्यांदा दाखवल्या त्या जुन्नरकडच्या एका मामांनी. ते गुरं राखायचे. व्याख्यानात त्यांचं नाव घ्यावं का? की सरळ नम्र नकारच कळवू?
— एक प्राध्यापिका, कर्वेनगर

बाई, सप्रेम नमस्कार.

नकार कळवू नका. वडिलांची काळजी खरी आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिते. पण तुमचं पत्र पुन्हा वाचताना जाणवलं की तुमचा पाय मागे ओढतोय तो विषय. ‘माझं काम एवढं मोठं नाही’ हे वाक्य तुम्ही लिहिलंत आणि पुढच्या सगळ्या शंका त्याच्याच मागून आल्या. म्हणून आधी त्याबद्दल.

निमंत्रणातला विषय यजमानांनी अंदाजानं घातलेला असतो. पत्रक छापायचं असतं, सभागृह भरायचं असतं, म्हणून मोठे शब्द येतात. तो बदलून मागता येतो आणि तसं मागणं अजिबात उद्धटपणाचं नाही. पश्चिम घाट म्हणजे तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत जवळपास १६०० किलोमीटर. तेवढ्या डोंगररांगेवर तासाभरात जे बोलून होईल ते समोर बसलेल्यांनी आधीच वाचलेलं असेल. २०१२ साली घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आहे, हे सांगायला कर्वेनगरहून कुणी जायची गरज नाही. त्यांनी तुम्हाला बोलावलंय ते तुमचे निबंध वाचून, आणि निबंध चार सड्यांवरचे आहेत. मग व्याख्यानही चार सड्यांवरचंच असू द्या. मी तर म्हणेन, एकाच सड्यापासून सुरुवात करा.

मेअखेरीला सड्यावर काय असतं? तापलेला दगड, फटींत वाळलेलं गवत. पाऊस लागल्यावर दोनतीन आठवड्यांत तोच दगड हिरवा होतो, आणि तिथली माती बऱ्याच ठिकाणी बोटभरसुद्धा जाड नसते. खोलगट जागी पाणी साठतं तिथे साताऱ्याकडे वायतुरा येतो. पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत राहतो तिथे सीतेची आसवं, ओल धरून राहणाऱ्या मातीत गेंद, थोडी जास्त माती साठली की तेरडा, पुढे सोनकी. कुठे काय येणार हे मातीच्या जाडीवर आणि पाणी किती दिवस थांबतं त्यावर ठरतं. अशा मातीत नत्र फार कमी, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं यांनी किडे पकडून ती भूक भागवलेली. ऑक्टोबरात पाणी आटतं आणि सगळा संसार बियांत नाहीतर कंदात जाऊन बसतो. हे ऐकताना ब्रिटनमधला श्रोता जागचा हलणार नाही, कारण हे त्याला दुसरं कुणी बघून सांगितलेलं नाही. घाटाचा नकाशा एकदा दाखवा, तुमचे सडे त्यावर टिंबांनी दाखवा आणि खाली उतरा.

हवामानबदलाचं काय करायचं? तुमच्या वह्यांत पहिलं फूल दिसल्याच्या तारखा आहेत, त्या दाखवा. पण सोबत हेही सांगा की ती तारीख फूल उमलल्याची नाही, तुम्हाला दिसल्याची आहे. तासिका, परीक्षा, पेपर तपासणी यांतून सवड मिळाली तेव्हाच तुम्ही सड्यावर गेलात. पावसाचे आकडेही बहुधा तालुक्याच्या ठिकाणचे असतील, सड्यावरचे नसतील, आणि डोंगराच्या या अंगाला आणि त्या अंगाला पाऊस किती बदलतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. एवढं सांगून मग जो कल दिसतो तो मांडा. असं बोलणाऱ्यावर शास्त्रज्ञ श्रोते पटकन विश्वास ठेवतात. वह्यांत नाही ते निमंत्रणात लिहिलंय म्हणून बोलायला जाल, तर पहिल्या प्रश्नालाच अडचणीत याल.

हवामानापेक्षा जवळचा एक धोका तुम्ही रोज बघता, त्याला भरपूर वेळ द्या. पीक येत नाही म्हणून अशी जमीन सातबाऱ्यावर पोटखराब्यात पडते. कागदावर खराबा म्हटलं की बाहेरून माती आणून टाकायला, कलमं लावायला, रिसॉर्ट बांधायला, गाड्या थेट सड्यावर चढवायला कुणाचा हात अडखळत नाही. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या स्वच्छ विजेसाठी आहेत, आणि तरी त्यांच्या रस्त्यांखाली सड्याचा काही भाग गेलाच. हा पेच ब्रिटनमधल्या लोकांना लगेच कळेल, पवनचक्क्या त्यांच्याही टेकड्यांवर आहेत. यावर मत द्यायला कचरू नका. २२ वर्षं एका जागेवर उभं राहिलेल्या माणसाला मत असायलाच हवं.

यजमानांना दोन परिच्छेदांचा मेल पाठवा. आभार, मग ‘माझं काम सह्याद्रीतल्या सड्यांवरचं आहे, व्याख्यान त्यावर द्यायला आवडेल’, आणि नव्या शीर्षकाचे दोन पर्याय. त्याच मेलमध्ये विचारा की व्याख्यानाचं चित्रीकरण होणार का, ते सगळ्यांना खुलं राहणार का, लेख छापणार असतील तर मराठीत छापायचा हक्क तुमच्याकडे राहील का. चित्रीकरणाचा प्रश्न तुमच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. दुर्मिळ वनस्पतींची नेमकी जागा पडद्यावर येऊ देऊ नका. शिंदळ माकुडी, कंदीलपुष्पं यांच्यासारख्या वनस्पतींना हौशी संग्राहकांत मागणी असते, आणि ओळखीच्या कड्याचा फोटो असला तर जाणकाराला जागा शोधायला वेळ लागत नाही. ‘जुन्नर तालुका’ एवढं पुरे. मोबाइलवर काढलेल्या फोटोंत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप साठतात, फाइल यजमानांना देण्याआधी तेही काढून टाकायला एखाद्या विद्यार्थ्याला सांगा.

आता मामांचं. नाव घ्या. शेवटच्या आभाराच्या स्लाइडवर मात्र टाकू नका, तिथे लोक उठायच्या तयारीत असतात. ज्या वनस्पतीची गोष्ट सांगाल त्या वनस्पतीपाशीच सांगा : ही मला अमुक वर्षी यांनी दाखवली, ते तिला या नावानं ओळखतात, गुरं तिला तोंड लावत नाहीत हेही त्यांनीच सांगितलं.

याला तुमच्याच शास्त्रात जुना आधार आहे आणि तो पुण्याचा आहे. थिओडोर कुक हे आपल्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे प्राचार्य. निवृत्तीनंतर इंग्लंडात क्यूच्या वनस्पती उद्यानात बसून त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, १९०१ ते १९०८ या काळात तो निघाला. तुमच्या टेबलावर तो असणारच. त्यात एकेका वनस्पतीखाली ती कुठे आणि कुणी गोळा केली ते दिलंय, आणि त्या नावांत साहेबांच्या बरोबरीनं ‘भिवा’ आणि ‘कानिटकर’ येतात. भिवाचं आडनावसुद्धा तिथे नाही, पण शंभराहून अधिक वर्षांनी त्याचं नाव आपण वाचतो आहोत. तुमच्या मामांचं तर तुम्हाला पूर्ण नाव, गाव सगळं माहीत आहे.

मात्र आधी त्यांना विचारा. फोनवर नको, जुन्नरला जा. व्याख्यानात दाखवणार आहात ते फोटो त्यांना दाखवा, कुठे, कुणासमोर, काय सांगणार ते सांगा, आणि त्यांचा फोटो लावायचा तर तोही त्यांना पसंत असलेलाच लावा. ते नको म्हणाले तर ‘जुन्नरचे एक गुराखी’ असं म्हणा, आग्रह करू नका. एखाद्या झाडाचा औषधी उपयोग त्यांनी विश्वासानं सांगितला असेल तर तो परदेशातल्या सभेत उघड करू नका, नावाची परवानगी मिळाली म्हणून त्या माहितीचीही मिळाली असं होत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव समित्या आणि लोकांची जैवविविधता नोंदवही आली. मामांच्या गावच्या नोंदवहीत त्यांच्याकडची माहिती त्यांच्या नावानं आली आहे का, ते त्याच फेरीत बघा. नसेल तर ते काम व्याख्यानाइतकंच मोलाचं आहे आणि करायला तुमच्याइतकं योग्य कुणी नाही. मानधनातलं काही त्यांना द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, पण ते तुमच्या दोघांत राहू द्या.

त्याच कायद्यामुळे आणखी एक सांगते. सामानात वाळवलेला नमुना, बी, कंद, चिमूटभर मातीसुद्धा नको. यजमानांनी सहज म्हणून मागितलं तरी नाही म्हणा. नमुने देण्याघेण्याला परवानग्यांची रीतसर वाट आहे. माहिती सभेत सांगायला मात्र कायदा सहसा आड येत नाही.

इंग्रजीची धास्ती समजते, पण तुम्ही ३० वर्षं पदवीच्या वर्गात हा विषय इंग्रजी पुस्तकांतून शिकवलाय. ऐकणाऱ्याला उच्चाराचा त्रास कमी होतो, वेगाचा जास्त. आपण घाबरलो की भरभर बोलतो. व्याख्यान पूर्ण लिहून काढा. ५० मिनिटांसाठी ५००० शब्द पुष्कळ झाले, त्याहून जास्त लिहिलंत तर पळावं लागेल. छोटी वाक्यं लिहा, तोंडात बसतात अशी. स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचा, जिथे जीभ अडखळते ते वाक्य बदला, स्वतःला दोष देऊ नका. गावाकडची नावं मराठीतच म्हणा, एकदा म्हणून क्षणभर थांबा आणि मग शास्त्रीय नाव सांगा. पडद्यावर दोन्ही लिहिलेली असू द्या. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. तिथे कुणाला त्यात काही वाटत नाही, ते स्वतःही एकमेकांना तसं विचारतात.

जाण्याआधी पुण्यात एकदा पूर्ण व्याख्यान द्या. तुमच्या विभागात नको. तिथे सगळ्यांना सगळं ठाऊक, कुणी ‘सडा म्हणजे काय’ विचारणार नाही. इतिहासाचे, अर्थशास्त्राचे दोघेतिघे, एखादी शेजारीण, दोन विद्यार्थी बोलवा. १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला ऐकत आलेल्या या गावात प्रश्न विचारणाऱ्यांची वाण नाही. इथले प्रश्न झेललेत की तिथले जड जाणार नाहीत. आणि हो, ज्यांच्या स्मृतीचं व्याख्यान आहे त्यांचे दोन निबंध तरी वाचून जा. सुरुवातीची दोन मिनिटं त्यांची. त्यांचं काम तुमच्या कामाला कुठे भिडतं ते शोधा, नुसतं ‘थोर शास्त्रज्ञ’ म्हणून सोडून देऊ नका. सभागृहात त्यांचे विद्यार्थी बसलेले असतात, कदाचित घरचेही.

साडी की पँट हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. ज्यात तासभर सहज उभ्या राहता ते नेसा. साडी असेल तर माइकची डबी कमरेला खोचता येते, मात्र पदर माइकवर घासून खरखर होते, तेव्हा पदर पक्का पिन करा आणि सभागृहात आधी जाऊन आवाज तपासून घ्या.

आता वडील. १८७४ साली लंडनला प्राच्यविद्यांच्या परिषदेचं निमंत्रण रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना आलं होतं. घरच्या अडचणीमुळे ते जाऊ शकले नाहीत. नाशिकच्या शिलालेखांवरचा निबंध त्यांनी पाठवून दिला. पुढे १८८६ साली व्हिएन्नाच्या परिषदेला ते गेले. हे अशासाठी सांगते की घरात खरंच काही झालं तर न जाण्यात कमीपणा नाही, आणि आज तर व्याख्यान ऑनलाइनही देता येतं. ही सोय यजमानांशी आत्ताच बोलून ठेवा. म्हणजे शेवटच्या आठवड्यात वडिलांना ताप आला तरी तुम्हाला ‘वडील की व्याख्यान’ अशी निवड करावी लागणार नाही. पण काही होईल या भीतीनं आजच नकार देणं वेगळं. ते करू नका.

भावाला ‘जमेल का रे?’ असं विचारू नका. त्याला तारखा द्या : या दिवसापासून या दिवसापर्यंत तू पुण्यात राहायचंस. दहा दिवसांचा प्रश्न आहे. ‘या वयात कशाला’ म्हणणाऱ्याला हेही आठवण करून द्या की वडिलांचं आजवरचं सगळं तुम्ही याच वयात केलंत. रागानं नको, पण एकदा स्पष्ट बोला. हे बोलणं फार दिवस राहून गेलं असावं असं पत्रावरून वाटतं. ब्यूरोतून मावशी लावणार असाल तर निघायच्या निदान दोन आठवडे आधी लावा, तुम्ही घरात असताना वडिलांना त्यांची सवय होऊ दे. औषधांची वेळ मोठ्या अक्षरांत भिंतीवर, डॉक्टरांचा नंबर तिथेच. आणि वडिलांना या निमंत्रणाबद्दल नीट, सविस्तर सांगितलंत का? पत्रात त्यांचं मत कुठेच आलेलं नाही. भावाचं आहे, स्टाफरूमचं आहे, त्यांचंच नाही. त्यांना विचारा.

स्टाफरूमबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रजेचा अर्ज मात्र वेळेत आणि लेखी करा. निमंत्रणावरून दुसऱ्या विद्यापीठात व्याख्यान द्यायला जाणं हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत कर्तव्य रजेत बसतं, वर्षाला ३० दिवसांपर्यंत. तेव्हा कुणी उपकार करत असल्यासारखं वागलं तर नियम दाखवा. मानधन किती ते अर्जात लिहा, संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र घ्या, आणि इकडच्या विवरणपत्रातही ते उत्पन्न दाखवा.

व्हिसासाठी नेहमीचा अभ्यागत व्हिसा पुरतो. ३१ जानेवारी २०२४ पासून मानधनाच्या व्याख्यानाची सोय त्यातच आली आहे. मात्र मानधनाचं व्याख्यान प्रवासाआधी ठरलेलं हवं, अर्जात ते सांगितलेलं हवं आणि तिथे उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत ते व्हायला हवं. ‘फिरायला जाते’ असं लिहायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. यजमानांकडून मानधनाचा उल्लेख असलेलं सहीचं पत्र मागवा. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो; बोटांचे ठसे द्यायचं केंद्र पुण्यात आहे. तिकीट त्यांनाच काढायला सांगा. आधी आपले पैसे घालून मागून भरपाई मिळवण्यात महिने जातात, आणि हे सांगताना संकोच करायचं कारण नाही. विमान मुंबईहून असेल तर घाटात अडकायचा वेळ धरूनच निघा.

परतीचं तिकीट व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवसाचं घेऊ नका. तीनचार दिवस ठेवा आणि त्यातला एक क्यूला द्या. इलाख्यातून गेलेले जुने नमुने तिथल्या वनस्पतिसंग्रहात आहेत. ते बघायला आधी पत्र लिहून वेळ घ्यावी लागते, कोणत्या वनस्पतींचे नमुने हवेत त्यांची यादी द्यावी लागते. ती यादी या आठवड्यातच करायला घ्या, जुन्नरच्या वनस्पती सगळ्यात वर लिहा आणि यजमानांना सांगून तुमच्या ओळखीचं पत्र त्यांच्याकडून क्यूला जाऊ द्या.